मापाच्या वहीची मागची पानं

मे २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या शिलाई मशीनचा ड्रॉवर अडकला. थोरलीने तो जोर लावून ओढला आणि जमिनीवर उपडा केला. बॉबिन, मोडके हुक, खडूचे तुकडे, आणि त्यांच्यात डोकेदुखीच्या गोळ्यांचे सहा रिकामे पत्ते. दहा-दहा गोळ्यांचे. पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने पत्ते एकावर एक रचले आणि विचारलं, "आई, किती दिवसांतले गं हे?" मी म्हटलं, अक्षय तृतीयेच्या आधी तर ड्रॉवर साफ केला होता. ती काही बोलली नाही. तिने कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. महिनाभराच्या वर थोडे दिवस आणि साठ गोळ्या.

मी नागपूरच्या सक्करदऱ्याला बावीस वर्षांपासून ब्लाऊज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, दोन मशिनी, फॉल-पिकोची एक वेगळी. लगनसराईत रात्री एक-दीडपर्यंत मान खाली. डोकं दुखायला नक्की कधी लागलं ते सांगता येणार नाही, पण २०१७ च्या उन्हाळ्यापासून ते रोजचं झालं. मानेच्या मागून सुरू व्हायचं, कानांच्या वरून पुढे यायचं आणि कपाळावर दोन्ही बाजूंनी गाठ मारल्यासारखं आवळायचं. उलटी नाही, डोळ्यांपुढे चमकणं नाही, एकाच बाजूला ठणकणं नाही. फक्त आवळणं. ओला पंचा पिळून डोक्याला करकचून बांधावा आणि तो वाळता वाळता आणखी घट्ट होत जावा, तसं. दुपारी चारला सुरू झालं की झोपेपर्यंत तसंच.

नागपूरच्या मे महिन्यात कोणाचं डोकं दुखत नाही, असं सगळेच म्हणतात. पारा ४५ च्या वर, कूलरचा दिवसभर घूं-घूं आवाज, दुपट्टा बांधून बर्डीवर अस्तर आणायला जायचं आणि परत आल्यावर माठातलं पाणी घटाघटा प्यायचं. सासूबाई म्हणायच्या, "उन्हातून आली का वो, डोस्कं धरून बसली?" म्हणून मीही ऊनच धरून चालले. पण जुलैत दुखायचं, डिसेंबरात दुखायचं, संत्र्यांचा ढीग दारासमोर असतानाही दुखायचं. ऊन किती दिवस पुरवायचं?

मधल्या वर्षांत मी काय काय केलं ते भरभर सांगते, कारण त्यातलं बहुतेक सगळ्यांनीच केलेलं असतं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. सायनस म्हणून वाफ घेतली. पित्त म्हणून सकाळी उपाशीपोटी कोकम घेतलं. सासूबाईंनी मिरच्या-मोहरी ओवाळून चुलीत टाकल्या. एका खासगी दवाखान्यात पहिल्याच भेटीत एमआरआय लिहून दिला, तो काढला, त्यात काही निघालं नाही, आणि "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून मला परत पाठवलं. त्या एका वाक्याला माझी त्या महिन्याची शिलाई गेली. मला प्रश्न कोणी विचारलेच नाहीत, याचं आजही वाईट वाटतं. आणि या सगळ्याच्या तळाशी होती ती गोळी. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला पोरगा मला पाहिलं की हात मागे नेऊन पत्ता काढूनच ठेवायचा. "काकू, एक का दोन?" त्याच्या विचारण्यात आपुलकी होती. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

ड्रॉवर उपडा झाल्यानंतरच्या सोमवारी थोरली मला धंतोलीत एका मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पत्त्यांची पिशवी तिने सोबत घेतली होती. डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले, बरेच. डोकं कधी एकदम, वीज पडल्यासारखं, क्षणात दुखायला लागलं का? ताप येऊन मान आखडली का? बोलताना जीभ अडखळते का, हातापायातली शक्ती जाते का, डोळ्यांनी दोन दिसतं का? डोक्याला मार लागला होता का? पहाटे दुखण्याने जाग येते का? खोकलताना, वाकताना वाढतं का? मी सगळ्याला नाही म्हटलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, मान सगळीकडे फिरवायला लावली, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत बोटांनी दाबत गेले. एका जागी मी "आई गं" केलं. तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि थोरलीला म्हणाले, "हे बघ, इथे दोरीसारखा ताठ पट्टा लागतो."

मग त्यांनी पिशवी उघडून पत्ते पाहिले आणि ज्याची मी कल्पनाही केली नव्हती ते सांगितलं. डोकेदुखी आता दोन आहेत. एक मानेच्या स्नायूंची जुनी, आणि दुसरी या गोळ्यांनी आणलेली. एकात दोन-तीन औषधं मिसळलेली दुखण्याची गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर डोकं त्या गोळीचं होऊन बसतं. गोळीचा अंमल उतरला की ते दुखून ती परत मागतं. साध्या एकाच औषधाच्या गोळीला ती हद्द महिन्याचे १५ दिवस. माझी गोळी पहिल्या जातीची, कॅफीन असलेली, आणि मी ती जवळजवळ रोज घेत होते. सहा वर्षं मी आग विझवायला जे ओतत होते त्याने आग वाढत होती, हे ऐकताना मला तिथेच रडू आलं. डॉक्टर शांतपणे थांबले. "तुमची चूक नाही, कोणी सांगितलंच नाही तुम्हाला," असं म्हणाले. त्यांचं हे वाक्य मी विसरणार नाही.

गोळी एकदम बंद करायची होती. पहिले काही दिवस दुखणं वाढेल, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि ते वाढलं. जूनचे पहिले अकरा दिवस मी नीट आठवू शकत नाही. तिसऱ्या दिवशी मी मशीनवर डोकं टेकवून बसले होते, समोर एका नवरीच्या आत्याचा पैठणीचा ब्लाऊज, आणि मला बाही कोणती डावी नि कोणती उजवी ते कळेना. ह्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि बाहेर पाटी टांगली, "आठ दिवस बंद." बावीस वर्षांत अशी पाटी फक्त सासऱ्यांच्या आजारपणात लागली होती. रात्री थोरली मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय ठेवायला लावायची आणि गप्प बसून राहायची. बाराव्या दिवशी सकाळी उठले तर डोकं रिकामं होतं. ते रिकामपण इतकं अनोळखी होतं की मी कोणाला सांगितलंच नाही, जाईल म्हणून. संध्याकाळी पाचला आवळणं आलं. पण ते जुनंच, मानेतलं. दुसरं गेलं होतं.

जुन्यासाठी त्यांनी रात्रीची एक छोटी गोळी दिली, अॅमिट्रिप्टिलीन, १० मिलिग्रॅम. मुळात उदासीवरचं जुनं औषध, पण कमी मात्रेत रोजच्या डोकेदुखीला देतात. कित्येकांना ते चांगलं लागू पडतं. मला सकाळी दहापर्यंत झापड राहायची, तोंड कोरडं पडायचं, आणि कात्री चालवताना हात जड वाटायचा. कापड कापताना जडपणा म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान. महिन्याने मी जाऊन तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला सुया चालतील का?" मी म्हटलं, "सुया तर रोजच्याच आहेत माझ्या." ते म्हणाले, ब्रिटनच्या सरकारी आरोग्ययंत्रणेच्या मार्गदर्शनातसुद्धा रोजच्या ताणाच्या डोकेदुखीला पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत अॅक्युपंक्चरच्या सिटिंगचा विचार करावा असं २०१२ पासून लिहिलेलं आहे. फक्त नोंदणी असलेल्या माणसाकडे जा, आणि सुई पाकिटातून तुमच्यासमोर निघते का ते पहा.

हे शेवटचं त्यांनी सांगितलं म्हणून मी वाचले. कारण मी आधी गेले ते जवळच्याच एका शिबिरात. शंभर रुपयांत सिटिंग. सभागृहात गादीवर आठ-दहा जण, कोणाच्या गुडघ्याला सुया, कोणाच्या कमरेला. माझ्यापुढच्या मावशींच्या सुया काढून त्या माणसाने स्टीलच्या डब्यात टाकल्या. डब्यात स्पिरिटचा बोळा होता. मग त्याच डब्यातून त्याने पुढच्या माणसासाठी सुया उचलल्या. मी चप्पल घातली आणि निघाले. मागून "अवो ताई, काऊन चालल्या?" असं कोणीतरी विचारलं. मी त्या मावशींना बाहेर बोलावून कानात सांगितलं. स्पिरिटने पुसल्याने कावीळ मरत नाही. माझी स्वतःची हातसुई कोणाच्या बोटात घुसली तर मी ती फेकून देते, आणि इथे एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात.

मग थोरलीने शोधून काढलेल्या मॅडम. शंकरनगरला, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. सक्करदऱ्याहून बर्डीपर्यंत ऑटो, तिथून मेट्रोने तिसरं स्टेशन. शनिवार १५ जुलैला मी पहिल्यांदा गेले. सासरे सोबत आले, हट्टाने. भिंतीवर महाराष्ट्र अॅक्युपंक्चर परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं आणि त्याच्या शेजारी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो. सासरे फोटोखालीच बसले. नागपूरच्या जुन्या माणसांना जे माहीत असतं ते त्यांनी मला तिथे सांगितलं: १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाठवलेल्या पथकात पाच डॉक्टर होते, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी, आणि त्यातले चोळकर आपल्या नागपूरचे. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, त्यांचं सगळ्यांना माहीत आहे. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्याला आणली. "मंजे तुझ्या सुया युद्धातून आल्या वो," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. सिटिंगची भीती माझ्या मनातून तिथे अर्धी गेली.

मॅडमनी पाऊण तास नुसतं विचारलं. झोप किती, पोट साफ होतं का, पाळी बंद झाली का, थंडी जास्त वाजते का गरम होतं, पाणी किती पिता. जीभ दाखवायला सांगितली आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, जेवून आलात का, हे वेगळं विचारलं. बाईमाणूस तरुण असेल तर पोटुशी आहे का हेही विचारतात, कारण हातावरचा एक बिंदू गरोदरपणी टाळतात. धंतोलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी शब्दन्‌शब्द वाचली आणि म्हणाल्या, "ताई, गोळी सुटली आहे ना? ती सुटली नसती तर मी सुई लावलीच नसती, आधी परत पाठवलं असतं."

आता सुईचं सांगते, कारण ते मला जवळून पाहायचंच होतं. मी म्हटलं, मॅडम, नंबर किती हिचा? त्या हसल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. ०.२५ मिलिमीटर. आमच्या मशीनची १६ नंबरची सुई पुरी एक मिलिमीटर जाड असते. म्हणजे तिच्या चौथा हिस्सा. नेढं नाही, टोकाला कट नाही. इंजेक्शनची सुई आतून पोकळ आणि टोकाला तिरकी कापलेली असते, ती मांस कापत जाते. ही भरीव, केसासारखी, धागे बाजूला सारत जाते. रेशमावर बोथट सुई चालवली की धागा ओढला जातो आणि बारीक सुई चालवली की कापडाला कळतही नाही, हे मी रोज पाहते. म्हणून मला ते लगेच पटलं. सुईवर प्लास्टिकची बारीक नळी असते. नळी कातडीला टेकवायची, वर डोकावणाऱ्या दांडीवर बोटाने एक टिचकी मारायची, नळी काढून घ्यायची. टिचकी कळते. टोचणं जवळजवळ नाही.

पहिली सुई अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात, दोन्ही हातांना. फाइलवर त्यांनी "एल-आय ४" लिहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, मोठ्या आतड्याच्या वाहिनीवरचा चौथा बिंदू. डोकं दुखतं आणि आतड्याची वाहिनी! पण चिनी पद्धतीत ती वाहिनी हातावरून वर चढून चेहऱ्यापर्यंत जाते. मग पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधून थोडं वर, एक-एक. डोक्याच्या टाळूवर एक. शेवटी मला खुर्चीत पुढे वाकवून, कपाळ उशीवर टेकवून, मानेच्या मागे कवटी जिथे संपते तिथल्या दोन खळग्यांत. बोटाने दाबून पाहिलं तर तुम्हालाही ते खळगे सापडतील, दुखणाऱ्या माणसाचा हात आपोआप तिथेच जातो.

त्या मानेतल्या उजव्या सुईला मॅडमनी दोन बोटांत धरून थोडंसं फिरवलं, आणि काहीतरी झालं. दुखणं नव्हतं ते. आत खोलवर कोणीतरी इलॅस्टिक ताणावं तसं एक जड ओढणं मानेतून वर गेलं आणि कानाच्या मागे थांबलं. हातातल्या सुईभोवती मुंग्या आणि वजन. "आलं का?" त्यांनी विचारलं. "जड वाटतंय." "हेच पाहिजे. चिनीत याला 'दे ची' म्हणतात." मग त्यांनी दिवा मंद केला आणि वीस-पंचवीस मिनिटं मला तसंच ठेवलं. मधे एकदा येऊन सुया पुन्हा फिरवल्या. मला त्या खुर्चीत झोप लागली. भरदुपारी, अनोळखी घरात, सात सुया अंगात असताना. सुया काढल्यावर डाव्या हाताला रक्ताचा एक थेंब आला, त्यावर कापूस धरला, आणि सुया माझ्यासमोर पिवळ्या डब्यात गेल्या. परतीच्या मेट्रोत मी बर्डीच्याही पुढे निघून गेले, इतकी गुंगी होती. सासरे म्हणाले, मीच उठवलं नाही.

सिटिंगला पाचशे रुपये. पहिले तीन आठवडे मंगळवार आणि शनिवार, मग आठवड्याला एक, असे दहा. घरी आल्यावर मी मापाची वही उलटी केली आणि मागच्या पानांवर महिन्याचे चौकोन आखले. ज्या दिवशी डोकं दुखलं त्या दिवशी फुली. गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. हे धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मॅडमनीही सांगितलं. पुढच्या पानांवर छाती, कंबर, बाही, मागचा गळा. मागच्या पानांवर माझं डोकं. मागचे दिवस आठवून भरले, तर जुलैच्या पहिल्या पंधरा दिवसांत अकरा फुल्या होत्या.

चौथ्या वेळेला माझ्या चुकीने फजिती झाली. अधिक महिना सुरू झाला होता आणि मी मंगळवारचा उपास धरला होता. मॅडमनी विचारलं, जेवलात का, आणि मी "हो" म्हटलं, कारण ऑटोत दोन केळी खाल्ली होती ती मी जेवणात धरली. सुया लागून पाच मिनिटं झाली असतील. कान बंद झाले, घाम फुटला, समोरची भिंत लांब गेली. मी हाक मारली की नाही ते मला आठवत नाही. मॅडमनी भराभर सगळ्या सुया काढल्या, मला आडवं केलं, पाय उशीवर वर ठेवले आणि गूळ-लिंबाचं पाणी थोडं थोडं पाजलं. दहा मिनिटांत मी ठीक झाले. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "देवाला उपास चालतो ताई, सुईला नाही चालत." त्यानंतर मंगळवारी मी वरण-भात खाऊनच निघायची.

पाच सिटिंग झाले तरी वहीत फरक नव्हता. मला तो पाचवा शनिवार फार जड गेला. अडीच हजार रुपये म्हणजे अस्तराच्या पाच-सहा ब्लाऊजांची शिलाई. सासूबाई म्हणाल्या, "सुया टोचून कोठं डोस्कं थांबते का बाप्पा?" मी सोडणार होते. थोरलीने वही घेतली आणि मला दाखवलं की फुल्या तेवढ्याच आहेत, पण मी फुलीशेजारी वेळ लिहीत होते, आणि चारला सुरू होणारं दुखणं आता सहा-सातला सुरू होत होतं. मी स्वतः लिहिलेलं मीच पाहिलं नव्हतं.

सहाव्या वेळी मॅडमनी खांद्यावर, जिथे धंतोलीच्या डॉक्टरांना दोरी लागली होती तिथे, सुई लावली. ती अगदी वर, तिरकी लावली. त्या बोलल्या, "इथे खाली फुप्फुसाचं टोक असतं, म्हणून खोल जायचंच नाही." सुई टेकताच तो पट्टा एकदा टण्‌कन उडाला. माझा खांदा आपोआप वर गेला आणि मग खाली आला, आणि खालीच राहिला. त्या रात्री मी काम करताना आरशात पाहिलं, माझे दोन्ही खांदे कानांपासून वीतभर दूर होते. इतकी वर्षं ते कुठे होते? मी शिवताना खांदे वर चढवूनच बसत होते.

मॅडमनी त्याच आठवड्यात माझ्या मशीनचा फोटो मागवला. फोटो पाहून त्यांनी स्टूल दोन इंच उंच करायला सांगितलं आणि दिवा मागून पुढे आणायला. ह्यांनी स्टुलाच्या पायांना लाकडाचे ठोकळे ठोकले. चाळीस मिनिटांनी उठायचं, हनुवटी मागे ओढून मान सरळ करायची, दहा वेळा. हे मी सांगते आहे कारण श्रेय एकट्या सुयांना द्यायला मन धजत नाही. गोळी सुटली, स्टूल उंच झालं, सुया लागल्या, आणि घरातल्यांनी पहिल्यांदा माझं दुखणं खरं मानलं. हे चारही एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात घडलं.

आता फुल्या. जुलैत एकूण २१. ऑगस्टमध्ये, दहावी सिटिंग २६ तारखेला संपली त्या महिन्यात, १३. सप्टेंबरमध्ये ९. गोल एकही नाही.

थोरलीने मला एकदा बसवून अभ्यास वाचून दाखवले. ब्रिटनमध्ये ४०१ जुन्या डोकेदुखीच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००४ साली छापून आला. तीन महिन्यांत बारापर्यंत सिटिंग दिलेल्यांची डोकेदुखी बाकीच्यांपेक्षा वर्षाला २२ दिवसांनी कमी निघाली. बहुतेक अर्धशिशीचे रुग्ण होते ते. माझ्यासारख्या ताणाच्या डोकेदुखीवरचे बारा अभ्यास २०१६ मध्ये एकत्र करून पाहिले गेले. त्यात खऱ्या सुया लावलेल्या शंभरातल्या पन्नासाहून थोड्या जास्त लोकांची डोकेदुखी निम्म्यावर आली. आणि खोट्या, म्हणजे भलत्याच जागी किंवा वरवर लावलेल्या सुया मिळालेल्यांत? चाळीसहून थोड्या जास्त. थोरली वाचता वाचता थांबली. तिला वाटलं मला वाईट वाटेल.

मला वाईट वाटलं नाही. मी तिला म्हटलं, जो फरक आहे तो लहान आहे, पण आहे. आणि त्या चाळीस जणांना जे मिळालं तेही मिळालंच ना त्यांना. कोणीतरी पाऊण तास विचारलं, मनगट हातात धरलं, दिवा मंद केला, वीस मिनिटं कोणी हाक मारली नाही. मला बावीस वर्षांत दुपारी वीस मिनिटं कोणी एकटं सोडलं नव्हतं. मॅडम स्वतः दोन्ही भाषांत सांगतात: एकीकडे 'ची', म्हणजे अंगातली ऊर्जा, वाहते असं म्हणतात, दुसरीकडे सुईने स्नायूतल्या नसा जाग्या होतात आणि शरीर स्वतःचं वेदनाशामक, एंडॉर्फिन, सोडतं असं समजावतात. मला दोन्ही ऐकायला आवडतं. पण जो कोणी येऊन सांगेल की सुयांनी ट्यूमर जातो, बीपीची गोळी सोडा, त्याला मी दारात उभं करणार नाही. मॅडमनीही मला कधी असं काही सांगितलं नाही, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दहानंतर महिन्याला एक असं ठरलं. पहिली महिन्याची तारीख होती शनिवार २३ सप्टेंबर. त्या पहाटे नागपुरात जो पाऊस झाला तो इथल्या माणसाला सांगायला नको. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, शंकरनगरच्या आसपासचे तळमजले पाण्याखाली गेले. मॅडमचा फोन दुपारी लागला. खुर्ची, उशा, सुयांची खोकी, फाइली, सगळं चिखलात. कोटणीसांचा फोटो तेवढा उंच होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी मी आणि थोरली झाडू, फिनाईल आणि जुन्या चादरी घेऊन गेलो. दिवसभर वाकून गाळ काढला. रात्री माझं डोकं इतकं दुखलं, जूनसारखं. हात मेडिकलकडे वळला होता. मी मान टेकून बसले, त्या दोन खळग्यांत स्वतःची बोटं दाबून धरली, पाय कोमट पाण्यात सोडले आणि अकराला झोपले. सकाळी गेलं होतं. वहीत फुली केली, गोल केला नाही. मॅडमना नवीन उशांची खोळ शिवून दिली, पोपटी रंगाची, तिच्यावर मी आजही कपाळ टेकवते.

दिवाळीच्या गर्दीत १२ फुल्या आणि दोन गोल झाले. मी घाबरून धंतोलीला गेले. डॉक्टर म्हणाले, महिन्यातून दोन दिवस गोळी म्हणजे औषध, दहा दिवस म्हणजे आजार, तुम्ही हद्दीच्या खूप आत आहात. मे २०२४, पुन्हा लगनसराई, पुन्हा ४५ चा पारा: आठ फुल्या, एक गोल. आता सिटिंग दीड महिन्याला एक करते. पुढची येत्या शनिवारी आहे. त्याआधी एका नवरीच्या मावशीचे तीन ब्लाऊज हातावेगळे करायचे आहेत, आणि स्टुलाचा एक ठोकळा हलायला लागलाय, तो ह्यांना सांगून ठोकून घ्यायचा आहे.